पहाटेचा ताजमहाल, दिल्लीहून एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीला कामासाठी, लग्नाला किंवा हरिद्वार-वैष्णोदेवीच्या वाटेवर आलेली मराठी मंडळी "एक दिवस हाताशी आहे, ताज करता येईल का?" असं विचारतात, आणि त्यांच्यासाठी आम्ही गाडी, गाइड आणि वेळापत्रक जुळवून देतो. फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. बुकिंग करण्याआधी निदान वेळेचे आणि शुक्रवारचे प्रश्न वाचा, बाकीचे गाडीत वाचले तरी चालतील.

एवढ्या पहाटे जायची खरंच गरज आहे का?

आहे. पण "सूर्योदय बघायला" हे त्यामागचं दुय्यम कारण. मुख्य कारण म्हणजे गर्दी आणि ऊन. ताजचे दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. पहिल्या तासाभरात आत शिरलात तर तपासणीची रांग लहान असते, मधल्या हौदाजवळच्या संगमरवरी बाकावर बसायला नंबर लावावा लागत नाही आणि मुख्य मकबऱ्यात गाइडचं बोलणं ऐकू येतं. नऊ वाजले की शाळांच्या सहली आणि बसगाड्या येऊन पोहोचतात. घुमटाखाली आवाज इतका घुमतो की शेजारचा माणूस काय म्हणतोय तेही कळत नाही. एप्रिल ते जून या काळात तर दहानंतर चबुतऱ्यावरचा संगमरवर तापतो आणि डोळे दिपून नीट बघताही येत नाही.

आमच्या लेखी पहाटे जाण्याचा आणखी एक फायदा आहे. ताज नऊपर्यंत आटोपला की आग्र्याच्या किल्ल्यासाठी सबंध सकाळ मिळते. मराठी माणसाने आग्र्याला येऊन किल्ला अर्ध्या तासात उरकावा हे काही बरं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

पहाटे ताज गुलाबी, मग सोनेरी दिसतो म्हणतात. खरं का?

ऋतूवर अवलंबून आहे. आधी दिशा समजून घ्या. बागेतून ताजकडे पाहताना तुमचं तोंड उत्तरेकडे असतं, ताजचा दर्शनी भाग दक्षिणेकडे असतो आणि सूर्य तुमच्या उजव्या हाताला उगवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य आग्नेयेकडून वर येत असल्याने त्याचे तिरपे किरण दर्शनी भागावर पडतात. मे-जूनमध्ये तो ईशान्येकडून येतो, त्यामुळे समोरची बाजू बराच वेळ सावलीत राहते. अशा वेळी पूर्वेच्या बाजूला, मेहमानखान्याकडे (मशिदीसमोरची तिच्यासारखीच इमारत) गेलात तर उजळलेली भिंत दिसते. डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर रंगाचा प्रश्नच मिटला, कधीकधी ताजच दिसत नाही. प्रकाशासाठी आमची पसंती ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबरचे पहिले दिवस आणि फेब्रुवारी-मार्च.

दिल्लीहून किती वाजता निघायचं?

दक्षिण दिल्लीतून ताजच्या पूर्व दरवाजापर्यंत यमुना एक्सप्रेसवेने साधारण सव्वादोनशे किलोमीटर होतात. पहाटे रस्ता मोकळा असला तरी एका चहासकट साडेतीन तास धरा. आग्र्यात सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या आसपास, मार्चच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास, जूनमध्ये पाच वीस-पंचवीसला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाला होतो. यातून अर्धा तास वजा केला की दरवाजा उघडण्याची वेळ मिळते. तिच्या आधी पंधरा-वीस मिनिटं रांगेत उभं राहायचं आहे, असं धरून मागे मोजत या.

म्हणजे ऑक्टोबरात रात्री दोनच्या सुमारास निघावं लागतं. जूनमध्ये तर एकलाच, त्यामुळे झोप अशी होतच नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही स्पष्टच सांगतो, आदल्या संध्याकाळी आग्र्याला मुक्कामाला जा. पैसे थोडे जास्त जातील, पण दुपारी दोन वाजता किल्ल्याच्या पायरीवर बसून डुलक्या घेण्यापेक्षा ते बरं.

रात्रीचा प्रवास सुरक्षित आहे का?

यमुना एक्सप्रेसवे २०१२ साली सुरू झाला. लांबी १६५ किलोमीटर, सरळसोट आणि काँक्रीटचा. तो सरळ असणं हीच त्याची अडचण. चालकाला गुंगी येते आणि तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात. गाडी कुठूनही करा, पण दोन गोष्टी विचाराच. चालकाने दिवसभर गाडी चालवून मग ही रात्रीची फेरी घेतली आहे का, आणि टायर कधी बदलले आहेत. विचारायला संकोच वाटतो हे कळतं, तरी विचारा. पुढच्या सीटवर जो बसेल त्याने झोपायचं नाही, असा नियम घरातल्या घरात ठरवा. चालकाशी गप्पा मारायला मामा किंवा काका यांपैकी जो जास्त बोलका असेल त्याला पुढे बसवावं.

हिवाळ्यात धुक्यामुळे या रस्त्याची वेगमर्यादा कमी केली जाते. दृश्यमानता फारच कमी असेल तर आमची गाडी जेवरच्या टोलनाक्यापुढच्या थांब्यावर उभी राहते आणि धुकं विरळ झालं की निघते. त्यात सूर्योदय हुकला तर हुकला, त्यावर वाद घालू नये.

शुक्रवारी चालेल का?

नाही. शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो, दुपारी फक्त तिथल्या मशिदीत नमाजासाठी येणाऱ्या स्थानिकांना आत सोडतात. किल्ला मात्र शुक्रवारीही उघडा असतो. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

तिकीट किती आणि कुठे काढायचं?

भारतीयांसाठी प्रवेश ५० रुपये, आणि मुख्य मकबऱ्याच्या चबुतऱ्यावर जायचं असेल तर वेगळे २०० रुपये. परदेशी नागरिकांसाठी प्रवेश १,१०० रुपये आणि वरचे २०० वेगळे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून आदल्या दिवशी तिकीट काढून ठेवलं की खिडकीवरची रांग वाचते, तपासणीची वाचत नाही. "रांग चुकवून आत नेतो" असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला.

ते २०० रुपये वाचवावे का, असंही विचारतात. अजिबात वाचवू नका. कोरीव आणि जडावाचं काम जवळून बघायचं तर चबुतऱ्यावर जावंच लागतं. खालून दिसतो तो फोटोतलाच ताज.

तिकीट तीन तासांपुरतं असतं. पहाटे गेलात तर तेवढा वेळ पुरतो.

मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे. त्याला परदेशी दर लागेल का?

राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेश शुल्काबाबत ओसीआय कार्डधारकांना भारतीय नागरिकांसारखीच वागणूक मिळते, केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेतही तसं आहे. मूळ कार्ड सोबत ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवरून दारावर घोळ होतो. अमेरिकी पासपोर्ट असलेली आणि ओसीआय नसलेली सून मात्र परदेशी दरातच येते.

पूर्वेचा दरवाजा की पश्चिमेचा?

दिल्लीहून एक्सप्रेसवेने येणाऱ्यांना पूर्वेचा सोयीचा. गाडी शिल्पग्रामच्या वाहनतळावर लावायची आणि तिथून बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने किंवा पायी दरवाजापर्यंत जायचं. ताजच्या आसपास पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे. पश्चिम दरवाजा किल्ल्याच्या बाजूला पडतो, तिकडे गर्दी जास्त. दक्षिण दरवाजातून आता प्रवेश नाही.

बाहेर पडताना ज्या दरवाजाने आलात त्यानेच पडा. नाहीतर तुम्ही एका टोकाला, चालक दुसऱ्या टोकाला आणि बॅगा लॉकरमध्ये तिसरीकडे.

सोबत काय नेता येतं?

मोबाइल, साधा कॅमेरा, पाण्याची बाटली, लहान पर्स. एवढंच न्या. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, सुपारी, काडेपेटी, लायटर, चाकू, ट्रायपॉड, ड्रोन, मोठ्या सॅक, झेंडे यांना बंदी आहे. आजोबांच्या खिशातली पानसुपारीची डबी आणि आजींच्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू हे दोन्ही दारात अडतात, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. डबा गाडीतच राहू द्या. आत माकडं आहेत, पिशवीत खाऊ आहे हे त्यांना सुरक्षा रक्षकांच्या आधी कळतं.

पुरुष आणि महिलांच्या तपासणीच्या रांगा वेगळ्या असतात आणि महिलांची सहसा हळू सरकते. पर्स जितकी रिकामी तितकं लवकर आत. आत गेल्यावर कुठे भेटायचं हे रांगेत शिरण्याआधी ठरवा. स्वच्छतागृहाचं कामही आधीच उरकून घ्या.

गाइड घ्यावाच का? नेमका कोणता?

घ्यावा, पण ओळखपत्र बघून. केंद्र किंवा राज्य पर्यटन विभागाचा परवाना असलेल्या गाइडकडे फोटोसह ओळखपत्र असतं आणि ते तो न मागता दाखवतो. वाहनतळापासून तुमच्या मागे लागतात त्यांना आग्र्यात "लपके" म्हणतात. असा गाइड स्वस्तात यायला तयार होतो, कारण त्याची खरी कमाई नंतरच्या दुकानात असते. "पन्नास रुपये द्या साहेब" म्हणणारा माणूस तुम्हाला ताजमध्ये वीस मिनिटं आणि संगमरवराच्या शोरूममध्ये दीड तास फिरवतो.

पैसे, वेळ आणि "दुकानात जायचं नाही" या तीन गोष्टी आधी बोलून घ्या. मराठी बोलणारा गाइड मिळणं कठीण आहे, पण बहुतेकांची हिंदी साधी असते. आम्ही ज्यांच्यासोबत काम करतो त्यांना एकच विनंती करतो, की मुमताजच्या प्रेमकहाणीपेक्षा दगडाबद्दल जास्त बोला.

आत नक्की काय बघायचं?

सगळे जण मोठ्या दरवाजातून बाहेर येताच पहिला फोटो काढायला थांबतात आणि तिथेच कोंडी होते. तुम्ही उलट करा. दरवाजाच्या आतच थांबा आणि कमानीतून ताजकडे बघत दोन-चार पावलं मागे या, मग पुढे जा. मागे येताना घुमट मोठा होत जातो आणि पुढे जाताना लहान. कमानीची चौकट दृष्टीला फसवते. मुलांना हे फार आवडतं.

त्याच दरवाजाभोवती काळ्या दगडात कुराणातली वचनं जडवली आहेत. नीट पाहिलं तर वरची अक्षरं खालच्यांपेक्षा मोठी आहेत, म्हणून खाली उभं राहून बघणाऱ्याला ती सगळी एकसारखी दिसतात. अमानत खान शिराझी या सुलेखनकाराचं हे काम. त्याने मकबऱ्याच्या आत आपली सहीदेखील केली आहे. इतक्या मोठ्या कामात नाव कोरून ठेवण्याचा मान मिळालेला हा जवळपास एकटाच.

चबुतऱ्यावर चढल्यावर कमानींच्या खालचे, कमरेएवढ्या उंचीचे फुलांचे पट्टे बघा. लिली, ट्यूलिप, आयरिस अशी फुलं संगमरवरातच उठावाने कोरली आहेत आणि त्यांच्या चौकटीत रंगीत दगड बसवले आहेत. हात लावू नका, डोळे जवळ न्या. मकबऱ्यातल्या जाळीवर एकेका लहानशा फुलात अनेक तुकडे आहेत. अकीक या रंगीत दगडाची पाकळी तांबडी, तीही एका रंगाची नाही, देठाकडे गडद आणि टोकाला फिकी, म्हणजे कारागिराने दगडातल्या छटा बघून तुकडा कापला. अकीकातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे त्यावर उजेड पडला की पाकळी निखाऱ्यासारखी पेटते. या कामाला पर्चिनकारी म्हणतात आणि ते करणारी घराणी आजही आग्र्यात आहेत.

आत शिरताना बुटांवर आवरण घालावं लागतं किंवा बूट काढावे लागतात. फोटो काढायला मनाई आहे, मोठ्याने बोलायलाही. दिसतात त्या कबरी प्रतीकात्मक, खऱ्या तळघरात आहेत आणि ते तळघर फक्त शाहजहानच्या उरुसाच्या दिवसांत उघडतं. मुमताजची कबर बरोबर मधोमध आहे, शाहजहानची तिच्या पश्चिमेला नंतर बसवलेली. सगळ्या इमारतीत डाव्या-उजव्या बाजूंचा तोल मोडतो तो इथेच.

मागच्या बाजूला यमुनेकडे जायला विसरू नका. पहाटे तिथे कोणी नसतं.

कारागिरांचे हात तोडले, पलीकडे काळा ताज होणार होता, या गोष्टी खऱ्या का?

हात तोडल्याचा कोणताही समकालीन पुरावा नाही. काळ्या ताजची गोष्ट तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाच्या लिखाणातून पसरली. नदीपलीकडे मेहताब बागेत झालेल्या उत्खननात काळा ताज सापडला नाही, सापडला तो मोठा हौद, ज्यात चांदण्या रात्री ताजचं प्रतिबिंब पडत असणार. आम्हाला विचाराल तर ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा सरस आहे. मिनार बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आहेत, पडलेच तर मुख्य इमारतीवर पडू नयेत म्हणून, असं सांगतात. ते कललेले आहेत एवढं तर डोळ्यांनाही दिसतं.

आम्ही बीबी का मकबरा पाहिला आहे. वेगळं काय दिसणार?

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरकडची मंडळी विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. बीबी का मकबरा १६६० च्या सुमारास औरंगजेबाची पत्नी दिलरस बानूसाठी बांधला गेला. त्याचा वास्तुरचनाकार अताउल्ला हा ताजचा प्रमुख वास्तुरचनाकार उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे एकाच घरातलं काम आहे. तिथे संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला आहे, बाकी चुन्याचा गिलावा. मिनारांच्या मानाने मधली इमारत अरुंद वाटते. तो आधी बघून आलेल्या माणसाला ताजचं प्रमाण लगेच कळतं, इतरांना ते समजावून सांगावं लागतं.

खानदेशातल्या मंडळींचं नातं याहून जवळचं. मुमताज महल १६३१ साली वारली ती बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम तेव्हा तिथे होता. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. रावेरहून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर आहे, तरी ताज पाहिलेल्या शंभरातल्या पाचांनीही ती जागा पाहिलेली नसते.

शिवाजी महाराजांना आग्र्याच्या किल्ल्यात कुठे ठेवलं होतं?

कुठेच नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं चुकीचं उत्तर देणारे गाइडही भरपूर आहेत. किल्ल्यातली एखादी कोठडी दाखवून "यहीं बंद थे" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह आग्र्याला आले ते मे १६६६ मध्ये. मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा रामसिंग त्यांची जबाबदारी घेऊन होता. १२ मे रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार होता. जयपूर दरबारच्या माणसांनी तेव्हा राजस्थानीत लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत, त्यांवरून दिसतं की महाराज पोहोचले तोवर आम दरबार उरकून बादशहा दिवाण-इ-खासमध्ये गेला होता आणि अपमानाचा तो प्रसंग तिथे घडला. म्हणून आम्ही मंडळींना दिवाण-इ-आमच्या कमानींपाशी फोटो काढू देतो, पण थांबवतो ते दिवाण-इ-खासपाशी. ही जागा छोटी आहे. संगमरवरी खांब, समोर मोकळं अंगण आणि पलीकडे यमुना. एवढ्याशा जागेत भर दरबारात पाठ फिरवून बाहेर पडणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

नजरकैद झाली ती किल्ल्याबाहेर, रामसिंगाच्या मुक्कामाशेजारी. बाहेर शहर कोतवाल फौलादखानाचे पहारे. तिथून १७ ऑगस्टला महाराज निसटले. ती जागा नेमकी कोणती यावर अभ्यासकांत मतं आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये आग्र्यात स्मारक उभारण्याची घोषणा केली आहे. किल्ल्याच्या अमरसिंग दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आत शिरण्याआधी तिथे पाच मिनिटं द्या. २०२३ पासून किल्ल्यातल्या दिवाण-इ-आमच्या आवारात शिवजयंतीही साजरी झाली आहे.

एक तपशील गाइड सहसा सांगत नाहीत. शाहजहान याच किल्ल्यात आठ वर्षं कैदेत होता आणि वारला जानेवारी १६६६ मध्ये. बाप गेल्यावरच औरंगजेब आग्र्याला येऊन दरबार भरवू लागला. त्यामुळे महाराजांना आग्र्याला यावं लागलं. मुसम्मन बुरुजाजवळून धुकं नसेल तेव्हा ताज दिसतो. तिथे उभं राहून या तारखा जुळवून बघा.

पुढचा भागही आपलाच. महादजी शिंद्यांच्या काळात किल्ला मराठ्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने तो घेतला. किल्ल्याचा मोठा भाग आज लष्कराकडे आहे, जो खुला आहे त्यालाही दोन तास सहज लागतात.

आई-वडील सत्तरीचे आहेत, लहान मुलगी चार वर्षांची. जमेल?

ताज जमेल. बाग सपाट आहे, व्हीलचेअर दरवाजापाशी मिळते. चबुतऱ्यावर मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. किल्ल्याचा अमरसिंग दरवाजातला चढ दगडी आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावा. रात्री दोनला उठवून नेण्यापेक्षा या घरांना आम्ही एक मुक्काम सुचवतो. मुलीसाठी टोपी आणि एक जाड स्वेटर घ्या. जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर असतो आणि पुण्या-मुंबईचे स्वेटर तिथे पुरत नाहीत.

गाडीऐवजी रेल्वेने?

सूर्योदयासाठी दिल्लीहून रेल्वेचा उपयोग नाही. सकाळी सहाच्या सुमारास नवी दिल्लीहून सुटणारी भोपाळकडची शताब्दी आठच्या आत आग्रा कॅन्टला पोहोचवते, निजामुद्दीनहून सुटणारी गतिमान दहाच्या सुमारास. गर्दीशी वाकडं नसेल तर दोन्ही चांगल्या आणि रात्रीची झोपही मिळते.

महाराष्ट्रातून थेट यायचं तर मुंबईची पंजाब मेल, पुण्याची झेलम आणि मिरज-पुणे मार्गे धावणारी गोवा एक्सप्रेस या तिन्ही आग्रा कॅन्टला थांबतात. मग दिल्ली मध्ये आणायचीच कशाला? आग्र्यात उतरा, झोपा आणि पहाटे चालत ताजला जा. धंद्याचं नुकसान होत असलं तरी सल्ला हाच. आग्रा मेट्रोची ताजमहाल आणि आग्रा किल्ला अशी दोन स्थानकं झाली आहेत, गाडी नसलेल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

त्याच दिवशी फतेहपूर सीक्री आणि मथुरा-वृंदावनही करता येईल ना?

कागदावर येतं. सीक्री आग्र्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटर पुढे, दिल्लीच्या विरुद्ध बाजूला. मथुरेचं मंदिर दुपारी बंद असतं. दोन्ही कोंबलं की कुठेच धड काही होत नाही आणि रात्री नॉयडाच्या वाहतुकीत अडकायला होतं. वेळ उरलाच तर नदीपलीकडचा इतिमाद-उद-दौलाचा मकबरा बघा. तो ताजच्या आधीचा, लहान आणि जडावकामाने नखशिखांत भरलेला. तिथे गर्दी नसते.

पौर्णिमेचा ताज बघायचा असेल तर?

पौर्णिमा आणि तिच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन दिवस, अशा पाच रात्री ताज उघडतो. शुक्रवार आणि रमजान वगळून. पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या, प्रत्येकी अर्धा तास, तेही दूरवरच्या ओट्यावरून. तिकीट आदल्या दिवशी काढावं लागतं. हौस असेल तर जरूर जा, पण रात्रीच्या दर्शनाने पहाटेच्या फेरीची भरपाई होत नाही. दगडाचं काम अंधारात दिसत नाही.

नाश्ता-जेवणाचं काय?

ताजहून नऊला बाहेर पडलं की आग्र्याचा नाश्ता करा, बेडई आणि जिलेबी. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण घातलेली खुसखुशीत पुरी, सोबत पातळ, झणझणीत बटाट्याची भाजी आणि वर दही. अकरानंतर ती मिळेनाशी होते, म्हणून किल्ल्याआधीच खाऊन घ्या. तिखट चालत नसेल तर जिलेबीवर भागवा. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर आधी सांगा. साबुदाण्याची खिचडी तिथे मिळणार नाही, फळं आणि दूध मिळेल.

संगमरवराच्या वस्तू घ्याव्यात का? आणि पेठा?

घ्यायच्याच असतील तर दोन गोष्टी बघा. मोबाइलचा टॉर्च मागून लावला तर खऱ्या संगमरवरातून प्रकाश झिरपतो, आणि नखाने ओरखडा उठत नाही. मऊ दगडाच्या स्वस्त वस्तूंवर तो लगेच उठतो. "ताज बांधणाऱ्यांचे वंशज" हे दर दुसऱ्या दुकानात भेटतील. गाइडसोबत गेलात तर किमतीत त्याचा वाटा धरलेला असतो, घासाघीस त्या हिशेबाने करा.

पेठा कोहळ्याचा. चुन्याच्या निवळीत ठेवून मग पाकात शिजवलेला. एकाच नावाच्या पाट्या रस्त्याभर दिसतात, त्यामुळे नावावर न जाता चाखून घ्या. कोरडा साधा पेठा दहा-बारा दिवस टिकतो, केशराचा ओला अंगूरी पेठा मात्र दोन-तीन दिवसांत संपवा आणि विमानाने जाणार असाल तर घेऊच नका, पाक बॅगेत सांडतो.